दुर्गम वाडीचा आपत्ती आराखडा: मदत पोचेपर्यंतचे तास गावाने कसे सांभाळायचे

३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर आला. १५१ माणसं गेली. बाहेर ही खबर पोचली ती एका एसटी चालकामुळे. नेहमीची फेरी घेऊन तो आला, तर गाव होतं तिथे नुसता चिखल. ती फेरी पावसामुळे रद्द झाली असती तर खबर कधी लागली असती?

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या वेळी महाड शहरच पुरात होतं आणि रस्ते बंद होते, त्यामुळे मोठी पथकं पोचण्याआधी माती उपसत होती ती आसपासची माणसं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली. तिथे गाडीरस्ता नव्हता, पायवाटेने तासाभराहून जास्त चढण होती. जेसीबी वर नेता आला नाही आणि जवानांना कुदळ-फावड्याने खणावं लागलं. त्या चढणीवरच अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा जीव गेला.

दुर्गम गावासाठी आराखडा करताना या तीन घटना डोळ्यांसमोर ठेवायला हव्यात. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण असतं आणि त्याचा आराखडाही असतो. पण रस्ता चालू आहे, फोन लागतो आहे आणि वीज आहे, हे तो बहुतेक ठिकाणी गृहीत धरतो. डोंगरातल्या वाडीत नेमक्या याच तीन गोष्टी सगळ्यात आधी जातात. त्यामुळे वाडीचा आराखडा वेगळा असतो. बाहेरून कोणी पोचेपर्यंतचे तास, प्रसंगी अख्खा दिवस, हातात असलेल्या माणसांवर आणि सामानावर काढायचा, हे धरूनच तो करावा लागतो.

हा लेख सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि वाडीतल्या तरुण पोरापोरींसाठी आहे. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत आणि भर दरडीवर आहे. पुराचा वेढा पडणाऱ्या गावांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. काम एप्रिल-मे मध्ये सुरू करा. पाऊस लागला की लावणीतून कोणाला सवड मिळत नाही.

पायरी १: माणसांची यादी

सुरुवात यादीपासून करायची, नकाशा आणि दोरखंड नंतर. वाडीत आज रात्री कोण झोपणार आहे, हे सांगता येणारा कागद बहुतेक गावांकडे नसतो. मतदार यादीत मुलं नसतात. रेशनकार्डावर कामासाठी शहरात गेलेल्यांची नावं असतात. सून माहेरी गेलेली असते, पाहुणे राहायला आलेले असतात, मुलं आश्रमशाळेत असतात. इर्शाळवाडीत हीच अडचण आली. ढिगाऱ्याखाली किती माणसं आहेत याचा नक्की आकडा लगेच कोणाला सांगता येत नव्हता, कारण काहीजण कामाला बाहेर होते आणि काही मुलं शाळेच्या वसतिगृहात. शोध किती दिवस आणि कुठे करायचा, हे या आकड्यावर ठरतं.

यादी घरवार करा, व्यक्तीवार नको. घराला खडूने नाही, ऑइलपेंटने क्रमांक टाका आणि तोच क्रमांक यादीत लिहा. प्रत्येक घरापुढे लिहायचं ते असं: कायम राहणारे किती, हंगामात बाहेर जाणारे कोण, एकट्याने चालू न शकणारे कोण, ऐकू न येणारे किंवा न दिसणारे कोण, रोजची गोळी कोणाला लागते आणि कोणती, गरोदर बाई असेल तर तिची तारीख, जनावरं किती. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे: घरातली माणसं रात्री कोणत्या खोलीत झोपतात. मातीखाली शोधताना हे माहीत असेल तर खणणाऱ्यांचा कित्येक तासांचा वेळ वाचतो.

पावसाळ्यात ही यादी दर आठवड्याला ताजी करावी लागेल. आशाताईंची घरभेट चालूच असते, पण सगळा भार त्यांच्यावर टाकू नका. दहा-बारा घरांमागे एक जण नेमा. नववी-दहावीची मुलं हे काम उत्तम करतात. यादीची एक प्रत वाडीत, एक ग्रामपंचायतीत आणि एक वाडीबाहेरच्या गावात ठेवा. नुसती वाडीत ठेवलेली यादी वाडीबरोबरच जाईल.

गरोदर बायांचं वेगळं बघा. जून ते सप्टेंबरमध्ये तारीख असेल तर शेवटच्या आठवड्यांत तिला रस्त्याच्या कडेच्या गावी, नातेवाईकांकडे किंवा आरोग्य केंद्राजवळ हलवायचं नियोजन मे महिन्यातच व्हायला हवं. काही आदिवासी भागांत आरोग्य केंद्रांना जोडून 'माहेरघर' असतं. आपल्या भागात ते आहे का, त्याची चौकशी करा.

पायरी २: शिवारफेरी आणि धोक्याचा नकाशा

इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती. म्हणून 'आपलं गाव यादीत नाही' या वाक्यावर निर्धास्त राहू नका. यादी तयार करणारे भूवैज्ञानिक त्यांचं काम मन लावून करतात, पण प्रत्येक वाडीच्या माथ्यावरचा प्रत्येक उतार त्यांच्या नजरेखालून जाईलच असं नाही. तुमच्या पायाखालून तो रोज जातो.

म्हातारी माणसं, गुराखी आणि तरुण असे आठ-दहा जण मिळून वाडीच्या वरच्या अंगाला चढा. खालून बघून काही कळत नाही. वर काय बघायचं?

उताराला आडव्या गेलेल्या भेगा. बुंध्यापाशी वाकून पुन्हा सरळ वर गेलेली झाडं, कारण तिथली माती हळूहळू सरकते आहे. जुन्या घळईच्या तोंडाशी साठलेले धोंडे. पूर्वी कधी दरड आली होती का, कुठून कुठपर्यंत आली होती, हे म्हाताऱ्यांना विचारा. दरड आली होती तिथे पुन्हा येण्याचा संभव असतोच. मग माणसाने केलेले बदल बघा: घरासाठी किंवा शेतासाठी उभा कापलेला उतार, बुजवलेला ओहोळ, पाणी अडवायला खणलेले पण निचरा नसलेले चर. माळीणनंतर मशिन लावून उतार सपाट केल्याकडे बोट दाखवलं गेलं होतं. पाणी उतारावर साठून मुरत राहणं धोक्याचं, ते वाहून जाणं बरं. वाडीच्या वर पाणी जिरवायचे चर खणू नका. जलसंधारण चांगलंच आहे, पण ते डोक्यावरच्या उतारावर नको.

खाली उतरून जमिनीवर रांगोळीने किंवा चुन्याने नकाशा काढा आणि सगळ्यांना बोलवा, बायकांना तर आवर्जून बोलवा. पाण्याच्या वाटा त्यांना जास्त माहीत असतात. नंतर तो कागदावर उतरवा. तीन रंग पुरतात: ओढ्याच्या किंवा घळईच्या सरळ रेषेतली घरं लाल, उताराच्या पायथ्याची पिवळी, बाकीची हिरवी. सरळ रेषेतली घरं म्हणजे कोणाची, हे सगळ्यांसमोर बोललं जाईल तेव्हा कुरबूर होईल. होऊ द्या. ती मे महिन्यातच झालेली बरी.

दरडीबरोबर नाल्याचं बघा. फरशीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी जायला लागलं की कोणत्या वाड्या तुटतात? गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे तिथल्या लोकांनी गृहीतच धरलेलं असतं. अशा भागांसाठी पावसाळ्याआधीच रेशनचं धान्य पोचवण्याची व्यवस्था नवसंजीवनी योजनेत आहे. तुमची वाडी दरवर्षी तुटत असेल तर तहसीलदारांकडे ठरावासह मागणी करा.

पायरी ३: कधी निघायचं, हे आधी ठरवणं

सगळ्या आराखड्याचा जीव या पायरीत आहे. दरड यायच्या वेळी कोणी निर्णय घेऊ शकत नाही. निर्णय कोरड्या दिवसांत घ्यायचा आणि पावसात फक्त पाळायचा.

आधी पाऊस मोजा. जवळचं पर्जन्यमापक बहुधा महसूल मंडळाच्या गावी असतं, आणि डोंगरात दोन खोऱ्यांच्या पावसात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तोंड आणि तळ सारख्या रुंदीचा, उभ्या भिंतींचा, सपाट तळाचा डबा किंवा पारदर्शक बरणी घ्या. झाडं आणि पागोळ्यांपासून दूर, मोकळ्यावर घट्ट बसवा. अडथळा जेवढा उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर ठेवा. आत मिलिमीटरची पट्टी लावा. डब्याचं तोंड कितीही मोठं असलं तरी चालतं, पाण्याची उंची म्हणजेच पाऊस. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो, त्यामुळे एक नोंद साडेआठला घ्या. दुसरी दुपारी चारला घ्या. चारची नोंद अंधाराआधीच्या निर्णयासाठी आहे.

हवामान खात्याच्या हिशेबाने २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. पण हे आकडे सह्याद्रीच्या माथ्यावर जसेच्या तसे लावले तर जुलैत वारंवार गाव हलवावं लागेल आणि चौथ्या वेळी कोणी उठणार नाही. म्हणून आकड्याबरोबर आधीचा पाऊस बघा. आठवडाभर भिजलेल्या डोंगरावर पडलेले शंभर मिलिमीटर हे कोरड्या डोंगरावरच्या दोनशेपेक्षा घातक ठरू शकतात. तीन वर्षं वहीत नोंद ठेवलीत तर तुमच्या डोंगराचा आकडा तुम्हाला सापडेल. तोपर्यंत मी हा नियम सुचवतो: सलग पावसात एका दिवसाचा आकडा ११५ च्या पुढे गेला की गावाने या कामासाठी नेमलेल्या समितीने एकत्र यायचं आणि लाल घरांतली एकट्याने चालू न शकणारी माणसं हलवायची. २०० कडे चालला किंवा हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल, तर लाल घरं पूर्ण रिकामी. निर्णय दुपारी चारला घ्यायचा आणि उजेडात निघायचं.

खुणांचा नियम मात्र आकड्यावर अवलंबून नाही. पुढच्यातली एक जरी खूण दिसली तरी पाऊस किती पडला ते न बघता निघायचं:

- वरच्या अंगाला नवी भेग, किंवा जुनी भेग रुंदावणं
- कधी नव्हता तिथे झरा फुटणं, नेहमीच्या झऱ्याला गढूळ पाणी येणं
- पाऊस चालू असताना ओढ्याचं पाणी एकदम कमी होणं, म्हणजे वर कुठेतरी माती पडून पाणी तुंबलं आहे
- घराची दारं-खिडक्या अचानक अडकू लागणं, जोत्याला तडा जाणं
- विजेचे खांब किंवा झाडं कलणं
- डोंगरातून घरघर, दगड आपटल्याचा किंवा झाडं मोडल्याचा आवाज

भेग मोजायची सोपी रीत आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका आणि दर दोन दिवसांनी मधलं अंतर मोजून लिहा. भेगेत पाणी शिरू नये म्हणून ती चिकणमातीने बुजवून वर ताडपत्री टाका. खुंट्या सरकत असतील तर तहसील कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या.

दरड येताना दिसलीच, तर ओढ्याच्या वाटेने खाली पळू नका. ती त्याच वाटेने येते आणि माणसापेक्षा वेगाने येते. आडव्या दिशेला, कडेच्या उंचवट्याकडे पळा.

आता लोक का हलत नाहीत, त्याबद्दल. अधिकारी आणि पत्रकार 'गावकरी ऐकत नाहीत' असं सहज म्हणून जातात. मला हे बोलणं अन्यायाचं वाटतं. लोक थांबतात त्याला कारणं असतात, आणि जवळपास प्रत्येक कारणाला उपाय असतो. गोठ्यात बांधलेली म्हैस कोण बघणार? वर्षाचं भात कणगीत आहे. लावणी अर्ध्यावर आहे आणि रोप पिवळं पडेल. घर उघडं टाकलं तर चोरी होईल. जिथे नेणार त्या शाळेत बायकांना संडास नाही, अंथरूण नाही, मुलगी वयात आलेली आहे. यांची उत्तरं आधी द्या. जनावरांसाठी सुरक्षित जागी पत्र्याचा आडोसा आणि चारा ठेवा. जागा नसेल तर निदान दावी सोडून निघा, मोकळं जनावर स्वतःची वाट काढतं. बियाणं आणि काही पोती धान्य मे अखेरीस खालच्या गावात ठेवा. दिवसा शेतात या आणि रात्री खाली झोपा, म्हणजे लावणी थांबत नाही. राखणीला पोलीस पाटलांच्या देखरेखीत सुरक्षित भागातून पाळी लावा. बायकांना वेगळी खोली आणि संडास नसलेली जागा निवाऱ्यासाठी घेऊच नका.

आणि गाव हललं, पण डोंगर आला नाही, असं अनेकदा होईल. त्या सकाळी निर्णय घेणाऱ्याला कोणी बोल लावता कामा नये. हे ग्रामसभेत आधीच बोलून ठेवा.

पायरी ४: निरोप

टॉवरची वीज गेली की बॅटरीवर तो काही तासच चालतो. म्हणून निरोपाचे दोन वेगळे मार्ग ठेवा, एक वाडीच्या आत आणि एक बाहेर.

आतला मार्ग आवाजाचा. देवळाची घंटा, थाळी, हातात धरायचा भोंगा, काहीही चालेल, पण त्याची खूण एकच ठरलेली असावी आणि इतर कशासाठी ती वापरू नये. पावसाच्या आवाजात घंटा ऐकू जात नाही, म्हणून प्रत्येक दहा घरांमागे दार ठोठावणारा एक माणूस हवाच. राज्यात बऱ्याच गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एका टोल फ्री क्रमांकावर बोललेला निरोप एकाच वेळी गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर वाजतो. तुमच्या गावाची नोंद आहे का ते पोलीस ठाण्यात विचारा.

बाहेरचा मार्ग असा: वाडीत रेंज कुठे येते ते टेकाड किंवा कातळ नकाशावर दाखवा, आणि ते दरडीच्या वाटेत नाही ना हे बघा. शेजारच्या सुरक्षित गावाशी वेळ बांधून घ्या. पावसाळ्यात रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सहाला एक मिस्ड कॉल. तो आला नाही आणि अर्ध्या तासात उलट फोनही लागला नाही, तर त्या गावाने नियंत्रण कक्षाला कळवायचं आणि दोन माणसं बघायला पाठवायची. याला एक पैसा खर्च येत नाही. एसटीची फेरी येण्याची वाट बघण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

क्रमांक भिंतीवर रंगवा: जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, राज्य नियंत्रण कक्ष १०७०, पोलीस आणि सर्व तातडीसाठी ११२, रुग्णवाहिका १०८. फोन लागला की काय बोलायचं, तेही तिथेच लिहा. गाव, तालुका, जिल्हा, काय झालं, किती माणसं अडकली, रस्ता कुठपर्यंत चालू आहे, पुढे किती चालावं लागेल, हेलिकॉप्टर उतरेल अशी मोकळी जागा आहे का. भेदरलेल्या माणसाला हे आठवत नाही, वाचून सांगता येतं.

पायरी ५: सामान आणि निवारा

निवारा म्हणून बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेची शाळा ठरते. ती शाळाच उताराच्या पायथ्याशी किंवा ओढ्याच्या काठाशी आहे का, हे आधी बघा. असेल तर समाजमंदिर, खालच्या गावचं देऊळ, कोणाचं मोठं घर, काहीही बघा आणि मालकाशी आधी बोलून ठेवा.

सामान दोन ठिकाणी विभागून ठेवा: पहारी, टिकाव, फावडी, घमेली, कोयते, करवत, जाड दोरखंड, ताडपत्र्या, बॅटऱ्या आणि हेल्मेट. यातलं बरंचसं घराघरांत असतंच. फक्त कोणाकडे काय आहे याची नोंद हवी. डोलीसाठी दोन मजबूत बांबू आणि घोंगडी तयार ठेवा. तासाभराची वाट असेल तर खांदा बदलायला निदान आठ माणसं लागतात.

घरोघरी एक प्लास्टिकची घट्ट पिशवी: आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, सातबाराची प्रत, महिनाभराच्या गोळ्या, बॅटरी, काडेपेटी. कागदांचे फोटो बाहेरगावच्या नातेवाइकाच्या फोनवर पाठवून ठेवा.

पायरी ६: रंगीत तालीम

एकदा तरी खरोखर हला. जूनच्या पहिल्या पावसात, संध्याकाळी, बॅटऱ्या घेऊन. म्हाताऱ्यांना खरंच डोलीत बसवा आणि किती वेळ लागला तो लिहा. अर्धा तास लागेल असं वाटत असतं आणि दीड तास जातो. हा आकडा कळला की निघायची वेळ ठरवणं सोपं होतं. ग्रामसेवक, तलाठी आणि तालुक्यातले 'आपदा मित्र' स्वयंसेवक यांना बोलवा. त्यांना वाट माहीत होते, हा मोठाच फायदा.

पायरी ७: घडलंच तर पहिले तास

दरड कोसळल्यावर सगळे मातीकडे धावतात. धावणारच, आपलीच माणसं आहेत. तरी एका माणसाने वरच्या उताराकडे तोंड करून उभं राहायचं आणि दुसरी दरड सुटलीच तर शिट्टी वाजवायची. एवढंच त्याचं काम. दुसऱ्या माणसाने यादी घेऊन हजेरी घ्यायची. तिसऱ्याने रेंजच्या जागेवर जायचं. बाकीच्यांनी खणायचं.

आधी वरवर दिसणारी, हाका देणारी माणसं काढा. मग सगळ्यांनी थांबून पूर्ण शांत राहा, एकाने हाक मारा किंवा दगडाने ठोका, आणि ऐका. दर थोड्या वेळाने असं करा. घरांचे क्रमांक आणि झोपायच्या खोल्या यादीवरून बघून जागा ठरवा, पण लक्षात घ्या की मातीबरोबर घर खाली सरकलेलं असतं. माणूस जवळ आला असं वाटलं की पहार बाजूला ठेवून हाताने माती काढा. आधी तोंड-नाक मोकळं करा, मग छाती, मग बाकीचं अंग. पाय किंवा हात बराच वेळ मोठ्या वजनाखाली चिरडलेला असेल तर वजन उचलल्यावर प्रकृती अचानक बिघडू शकते. १०८ च्या डॉक्टरशी फोनवर बोलता येत असेल तर आधी बोला. मणक्याला मार लागल्याची शंका असेल तर ओढू नका, फळीवर सरळ धरून हलवा.

पुराच्या पाण्याबाबत थोडक्यात: घोट्याच्या वर आलेलं वेगाचं पाणी, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर, मोठ्या माणसाचा पाय उचलू शकतं, आणि ६० सेंटिमीटरला बहुतेक गाड्या वाहून जातात. फरशीवरून पाणी चाललं असेल तर थांबायचं. घरी कितीही जाण्याची घाई असली तरी.

वीज आणि साप

आराखडे मोठ्या आपत्तीचे होतात, पण रानात काम करणारी माणसं एकेकटीही मरतात. देशात वीज पडून दरवर्षी अडीच हजारांच्या आसपास माणसं जातात, त्यातली बहुतेक शेतात किंवा गुरांमागे असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांचा इशारा देतं. नेटवर्क नसेल तर मोजा: वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंद किंवा कमी असतील तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, काम सोडून पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका. आडोसाच नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका, आणि एकमेकांपासून लांब राहा. अंगावर आकाशातली वीज पडलेल्या माणसाला हात लावल्याने झटका बसत नाही. श्वास नसेल तर लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करा. त्यातली बरीच माणसं वाचू शकतात.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर आपल्याकडचं प्रतिविष चालतं. त्यामुळे साप मारून न्यायची गरज नाही. कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. अंगठी, पैंजण काढा, हात-पाय लाकडाच्या आधाराने स्थिर करा आणि माणसाला चालवू नका, उचलून न्या. पावसाळ्याआधी एकच गोष्ट पक्की करा: प्रतिविष आणि रात्री हजर असणारा डॉक्टर, दोन्ही जवळात जवळ कुठे आहेत. यात एक रात्र वाया गेली तर माणूस जातो.

पायरी ८: पाणी उतरल्यावर

पुरात बुडालेल्या विहिरीचं पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका. गावाचं पाणी शुद्ध करणाऱ्या जलसुरक्षकाला टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं प्रमाण माहीत असतं. साधारण हजार लिटरला अडीच ग्रॅम. गोल विहिरीचं पाणी असं काढा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, त्याला ३.१४ ने गुणा, चारने भागा आणि हजाराने गुणा. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर, म्हणजे ७० ग्रॅम पावडर. बादलीत कालवून, निवळी वरून सोडून, पोहऱ्याने ढवळा. तासाभराने पाणी तपासून मगच वापरा. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन नीट काम करत नाही, तेव्हा पिण्याचं पाणी गाळून उकळा. जुलाब लागलेल्याला क्षारसंजीवनी द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

घर साफ करायच्या आधी फोटो काढा, आतून आणि बाहेरून, तारीख दिसेल असे. पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात. त्यांच्या नोंदीत घर क्रमांक आणि नाव बरोबर आहे ना ते तिथल्या तिथे वाचून घ्या. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत मृताच्या वारसाला चार लाख रुपये मदत आहे. त्यासाठी शवविच्छेदन आणि मृत्यूचा दाखला लागतो. वीज पडून किंवा वाहून मृत्यू झाला असेल आणि घाईने अंत्यविधी उरकला, तर कुटुंब या मदतीला मुकू शकतं. दुःखात हे सांगणं अवघड आहे, तरी कोणीतरी सांगायलाच हवं.

मृतदेह मिळालाच नाही तर अडचण आणखी वाढते. कायद्याने बेपत्ता माणूस मृत मानायला एरवी सात वर्षं जावी लागतात. इर्शाळवाडीत २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसं बेपत्ता राहिली. चार दिवसांनी शोध थांबवला गेला आणि त्यांना मृत ठरवण्यासाठी सरकारला वेगळा निर्णय घ्यावा लागला. अशा वेळी 'हा माणूस त्या रात्री घरात होता' हे दाखवणारा कागद म्हणजे पहिल्या पायरीतली आठवड्याला ताजी होणारी यादी. तिच्यावर दर आठवड्याला तारीख आणि नोंद करणाऱ्याची सही हवी.

पुनर्वसनाची जागा ठरवायची बैठकही शक्यतो दरड यायच्या आधी घ्या. नकाशावर लाल रंगात आलेल्या घरांसाठी जवळपास गायरान आहे का, तिथे पाणी आहे का, शेत किती लांब पडेल, वनहक्काचे दावे प्रलंबित आहेत का, याची नोंद ग्रामसभेच्या ठरावात घालून तो तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा. ठरावाचा जावक क्रमांक लिहून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी त्यावर स्मरणपत्र द्या.